चिंगी कुठे झोपते?



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण किती वर्षं घेत आलोय याचा हिशेब कुणीच ठेवला नसेल. तिसरीत येतो, चौथीत येतो, सातवीत पुन्हा येतो. मुलंही तयारीची असतात. 'माझा आवडता प्राणी कुत्रा आहे. त्याला चार पाय, दोन डोळे व एक शेपूट असते. तो फार इमानी प्राणी आहे.' तीस वह्यांमध्ये पंचवीस इमानी कुत्रे, उरलेल्यांत गाय आणि एखादा वाघ. तपासता तपासता आपल्यालाच डुलकी लागते. खोटं नाही सांगत.

अशाच एका हिवाळ्यात चौथीच्या वह्या तपासत होते. एका मुलीनं मांजरीवर लिहिलं होतं. 'आमच्या मांजरीचे नाव चिंगी आहे. ती दिवसा चुलीपाशी झोपते आणि रात्री माझ्या गोधडीत येते. आधी पायाकडे असते. मग हळूहळू वर येते. ती घुर्रघुर्र करते तेव्हा माझ्या पोटात पण घुर्रघुर्र होते. ती असली की मला अंधाराची भीती वाटत नाही.'

आता तुम्हीच सांगा, चौथीच्या मुलीनं आणखी काय लिहायला हवं होतं? पाहिलेलं लिहिलं, अनुभवलेलं लिहिलं. आपण कार्यशाळांमध्ये जे घसा फोडून सांगतो ते तिनं न सांगता केलं होतं. आणि मी काय केलं? दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि खाली लाल पेनानं लिहिलं, 'मांजराला अंथरुणात घेऊ नये. घाणेरडी सवय!' सही केली, तारीख टाकली आणि पुढची वही ओढली.

त्या एका ओळीबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

बाहीच्या आत लपलेला हात

साधारण पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, ही मुलगी स्वेटरची बाही पार बोटांपर्यंत ओढून लिहिताना दिसली. थंडी होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुपारी खिचडीच्या आधी मुलं नळावर हात धुवायला गेली, तेव्हा ही एकच हात धूत होती. दुसरा पाठीमागे. जवळ जाऊन बाही वर केली, तर मनगटाच्या वर दोन बारीक भोकं. खपली धरलेली, भोवती लाल.

'काय झालं गं?'

'तार लागली बाई.'

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, तर 'बाभळीचा काटा.' दोन वेळा विचारलं की दोन उत्तरं, तेव्हाच आपल्याला कळतं ना? मग तिला व्हरांड्यात नेलं, शेजारी बसवलं आणि गप्प राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, 'बाई, घरी सांगू नका. चिंगीला पोत्यात घालतील.'

तुमच्यापैकी जे खेड्यात वाढलेत त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं असं आपल्याकडे म्हणतात, म्हणून मारत कुणी नाही. पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि ओढ्यापलीकडे नेऊन सोडायचं. चिंगीच्या आधीची मांजरी तशीच गेली होती. ते या मुलीनं पाहिलं होतं.

घडलं होतं ते साधंच. रविवारी रात्री चिंगी नेहमीसारखी गोधडीत शिरली. शेजारी झोपलेल्या धाकट्या भावानं झोपेत पाय हलवला. गोधडीखाली काहीतरी हललं की मांजराला तो उंदीरच वाटतो. चिंगीनं त्याच्या अंगठ्यावर झेप घेतली. भावाला लागू नये म्हणून हिनं तिला मागच्या पायांना धरून ओढलं आणि चिंगीनं वळून मनगटाला दात लावले. रक्त आलं. मुलीनं ते फ्रॉकला पुसलं आणि झोपून गेली.

रविवार ते गुरुवार. चार दिवस ती तो हात घेऊन माझ्यासमोर बसत होती.

'मला तरी सांगायचं होतंस गं,' मी म्हणाले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तुम्हीच लिहिलं होतं ना, घाणेरडी सवय.'

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही फारसं सुचत नाही.

मग काय केलं

पहिलं काम नळावरच झालं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. चावल्याबरोबर केलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. पण उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नाही. तिच्या आईला फोन केला, ती शेतातून तशीच आली, आणि आम्ही तिघी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो.

तिथं जे समजलं ते प्रत्येक शिक्षकाला पाठ असायला हवं. रेबीज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुत्रा येतो. ते बरोबरच आहे, आपल्या देशात बहुतेक रेबीज कुत्र्यामुळेच होतो. पण पिसाळलेलं कुत्रं मांजराला चावलं तर मांजरालाही तो होतो आणि मांजराकडून माणसाला. एकदा लक्षणं दिसू लागली की हा रोग जवळपास नेहमीच जीव घेतो. आणि वेळेवर उपचार झाले तर जवळपास नेहमीच टाळता येतो. वैद्यकशास्त्रात इतकं सरळ गणित फार थोड्या रोगांचं असेल.

डॉक्टर जखमेचे तीन प्रकार करतात. प्राण्याला नुसता हात लावला किंवा त्यानं धडधाकट कातडी चाटली तर पहिला प्रकार, त्याला उपचार लागत नाहीत. रक्त न येता ओरखडा उठला किंवा दात घासला तर दुसरा, त्याला लस लागते. रक्त आलं, दात रुतला, किंवा फुटलेल्या कातडीला लाळ लागली तर तिसरा. त्याला लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती सीरमही द्यावं लागतं. आमची जखम तिसऱ्या प्रकारातली निघाली. सीरमसाठी तालुक्याला ग्रामीण रुग्णालयात जावं लागलं. लस त्वचेत टोचून दिली. सुरुवातीचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. वेळापत्रक डॉक्टर ठरवतात, आपण फक्त एकही दिवस चुकवायचा नाही.

'चार दिवस उशीर झालाय, आता काय उपयोग?' असं तिच्या आईनं रडत विचारलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला तरी लस घ्यायचीच. या रोगाची लक्षणं दिसायला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून लसीला काम करायला वेळ मिळतो. उशीर चांगला नाहीच, पण उशीर झाला म्हणून घरी बसणं त्याहून वाईट. जखमेवर हळद, चुना, तिखट, तेल यातलं काही लावायचं नाही हेही त्यांनी बजावलं. आमच्याकडे तिखट लावणारे अजून आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आजी दारातच बसल्या होत्या आणि पोतं खरोखरच काढून ठेवलेलं होतं. 'पोरीच्या जिवापरीस मांजर मोठं हाय व्हय बाई?' त्यांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. पण डॉक्टरांचा निरोप माझ्याकडे होता. चावलेलं मांजर किंवा कुत्रं दहा दिवस नजरेसमोर ठेवायचं. चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज असेल तर त्या दहा दिवसांत ते आजारी पडतं किंवा मरतं. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर त्या चाव्यातून रेबीज झाला नाही असं समजतात. लस मात्र पहिल्या दिवशीच सुरू करायची, दहा दिवस संपायची वाट बघायची नाही. 'आजी, मांजर सोडून दिलंत तर डॉक्टरांना कळणार कसं?' एवढंच मी म्हणाले. पोतं परत माळ्यावर गेलं. आजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारपासून रोज कोळशानं एक फुली मारली. दहा फुल्या झाल्या. चिंगी ठणठणीत.

मग अंथरुणात घ्यायचं की नाही?

पालक मला हे विचारतात तेव्हा पूर्वी मी झटकन 'नाही' म्हणायचे. आता थोडं थांबते.

आधी मांजर अंथरुणात का येतं ते बघू. त्याला ऊब हवी असते. मांजराच्या अंगाचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस, आपल्याहून थोडं जास्त. थंडीच्या रात्री मुलाला मांजर म्हणजे शेकोटी आणि मांजराला मूल म्हणजे शेकोटी. मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपतं, पण सलग नाही. संधिप्रकाशात, म्हणजे तिन्हीसांजेला आणि पहाटे, ते सर्वांत जागं असतं. म्हणून पहाटे चारला ते मुलाच्या पोटावरून परेड करतं आणि मूल पहिल्या तासाला बाकावर पेंगतं. तुमच्या वर्गात कुणी रोज पेंगत असेल तर 'रात्री टीव्ही बघतोस का?' एवढंच विचारू नका. 'तुझ्याजवळ कोण झोपतं?' हेही विचारा. त्या उत्तरातून कधी मांजर निघेल, कधी त्याहून महत्त्वाचं काही.

धोके आहेत, ते मी लपवणार नाही. पिसवा आहेत. पिसवांमुळे मांजरांमध्ये पसरणारा एक जिवाणू नखांच्या ओरखड्यातून मुलांच्या अंगात जातो, ताप येतो आणि काखेत किंवा मानेत गाठ सुजते. गजकर्ण आहे. मांजराच्या अंगावर कुठं गोल टक्कल पडलं असेल आणि मुलाच्या हातावर तसाच गोल चट्टा आला असेल, तर दोघांनाही दाखवायचं. जंत आहेत. 'मांजराचे केस पोटात गेले की दमा होतो' असं आपल्याकडे सांगतात, ते तसं नाही. ज्यांना मांजराची ॲलर्जी असते त्यांना त्रास देतात ती मांजराच्या लाळेतली आणि कातडीतली प्रथिनं. मांजर अंग चाटतं, ती केसांवर वाळतात आणि हवेत मिसळतात. अशा मुलाला दमा असेल तर तो उसळतो. त्या घरात मांजर अंथरुणातच काय, झोपायच्या खोलीतही नको.

आणखी दोन ठिकाणी माझं उत्तर अजूनही ठाम 'नाही' आहे. तान्ह्या बाळाच्या पाळण्यात किंवा अंथरुणात कोणताही प्राणी नको. मांजर प्रेमानंच येईल, उबेला येईल, तोंडाजवळ झोपेल, पण बाळाला त्याला ढकलता येत नाही. आणि जिला लस दिलेली नाही, जी रात्रभर गावभर हिंडून पहाटे येते, त्या मांजरीलाही गोधडी नको. ती रात्री कुणाशी भांडून आली हे आपल्याला कुठं माहीत असतं?

गरोदर बाईसाठी वेगळी सूचना. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो, तो पोटातल्या बाळाला बाधतो. मांजराची घाण घरातल्या दुसऱ्या कुणी काढावी, आणि रोजच्या रोज काढावी, कारण ती विष्ठा साधारण एक दिवसानंतर बाधक होऊ लागते.

बाकीच्या घरांत काय? तिथं मी म्हणते, नियम करा, आणि मुलांना घेऊन करा. मांजर तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची आणि दरवर्षी पुन्हा. जंताचं औषध, पिसवांचं औषध पशुवैद्यकांना विचारून. माणसांचं औषध प्राण्याला नको, ते विषारी ठरू शकतं. झोपायची जागा त्याला शेजारी करून द्यायची, म्हणजे खोका, टोपली, जुनं पोतं (हो, पोत्याचा हाही उपयोग होतो!). गोधडीच्या वर चालेल, आत नको. तोंडाशी तोंड नको. जेवण्याआधी हात धुवायचे. खेळताना बोटं नाचवायची नाहीत, दोरी नाचवायची. म्हणजे मांजराला बोट ही शिकार वाटणार नाही. आणि शेवटचा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखा: चावलं, ओरबाडलं तर लगेच सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी रागावणार नाही आणि मांजराला कुणी सोडून देणार नाही.

या शेवटच्या नियमातलं दुसरं वाक्य मोठ्यांसाठी आहे. पहिलं वाक्य मूल पाळतं की नाही, ते आपण दुसरं पाळतो की नाही यावर ठरतं.

वर्गात कसं घेता येईल

मी हा पाठ असा घेतला, तुम्ही तुमच्या पद्धतीनं घ्या. आधी निबंधाचा विषय बदलला. 'माझा आवडता प्राणी' ऐवजी फळ्यावर लिहिलं, 'तो कुठे झोपतो?' एवढंच. चार पाय आणि एक शेपूट आपोआप गळून पडले. कुणाचं कुत्रं ट्रॅक्टरच्या सीटवर झोपतं, कुणाची शेळी पावसाळ्यात पडवीत येते, एकाचं कासव कुठं झोपतं ते त्यालाच माहीत नव्हतं, तो घरी जाऊन बघून आला.

मग लुई पाश्चरची गोष्ट सांगितली. 1885 साली जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा, म्हणजे यांच्याच वयाचा. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला आली, तोवर दोन दिवस गेले होते. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते, म्हणून त्यांच्या देखरेखीखाली डॉक्टरांनी 6 जुलैला पहिली लस टोचली. तेरा वेळा टोचलं. मुलगा वाचला. पाश्चर 1895 साली 28 सप्टेंबरला गेले, आणि म्हणून जागतिक रेबीज दिन त्या तारखेला असतो. परिपाठासाठी तारीख नोंदवून ठेवा.

गोष्ट संपल्यावर एका मुलानं विचारलं, 'जोसेफनं आईला लगेच सांगितलं होतं का?' वर्ग शांत झाला. माझी ती मुलगी खाली बघत होती. मी म्हटलं, 'आई त्याला इतक्या लांब घेऊन आली, म्हणजे तिला कळलं होतं एवढं नक्की.' त्यानंतर गणिताच्या तासाला शून्य, तीन, सात, अठ्ठावीस या दिवसांच्या तारखा कॅलेंडरवर शोधल्या. ते गणित एकाही मुलाचं चुकलं नाही.

शेवटी 'न सांगितलेली गोष्ट' नावाची एक पेटी ठेवली. चपलांचा खोका, वर फट. ज्याला तोंडानं सांगता येत नाही त्यानं चिठ्ठी टाकायची. पहिल्या आठवड्यात आलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन प्राण्यांबद्दल होत्या. बाकीच्या कशाबद्दल होत्या ते इथं लिहिणं बरोबर नाही. पण मित्रहो, ही पेटी ठेवाच.

लाल ओळ

ती ओळ मी खोडली. तिच्यासमोर खोडली, आणि खाली लिहिलं, 'तुझा निबंध मला फार आवडला. मी आधीच सांगायला हवं होतं.' वही तिनं घरी नेली. आईनं वाचली, आजींना वाचून दाखवली.

स्वच्छता शिकवायची नाही असं माझं म्हणणं नाही. अंथरुणात मांजर नसलेलं बरं, हे मला आजही पटतं. पण 'घेऊ नये' लिहिल्यानं मांजर अंथरुणातून गेलं नव्हतं. गेलं होतं ते फक्त माझ्यापर्यंत येणारं बोलणं. आपण मुलांना एखादी गोष्ट करू नका सांगतो, तेव्हा ती करून बसल्यावर आपल्याकडे यायचा रस्ता उघडा ठेवतो का? पालकांनी आज रात्री आणि शिक्षकांनी उद्या वह्या तपासताना, हे एकदा स्वतःला विचारून बघावं.

चिंगीला लस झाली. तिला चुलीशेजारी टोपली आहे, आत आजींच्या जुन्या लुगड्याची घडी. मागच्या आठवड्यात मी त्या मुलीला सहज विचारलं, 'काय गं, चिंगी कुठे झोपते आता?'

'टोपलीत बाई.' मग जरा थांबून म्हणाली, 'पण पहाटे येते. गोधडीच्या वरच बसते हां. मी आत नाही घेत.' आणखी थोडं थांबून, 'काल एकदाच घेतली होती.'

मी रागावले नाही. तिनं सांगितलं होतं ना.